लव्हेंडर तर तुळशीच्याच कुळातलं!

लव्हेंडरची काडी चिमटीत धरून फिरवून बघा. गोल नाही, चौकोनी लागते! तुळशीची काडी अशीच चौकोनी, पुदिन्याची, सब्ज्याची आणि गजऱ्यात गुंफतात त्या मरव्याचीसुद्धा. लव्हेंडर या सगळ्यांच्या कुळातलं आहे, हे कळल्यापासून मी भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. साबणाच्या वेष्टनावर आणि महागड्या मेणबत्त्यांवर पाहिलेलं ते जांभळं फूल आपल्या वृंदावनातल्या तुळशीचं भावंड निघावं आणि ते पुण्यात, माझ्या दक्षिणेकडच्या बाल्कनीत, साध्या मातीच्या कुंडीत भरभरून फुलावं! मला अजूनही सकाळी उठल्या उठल्या आधी तिकडे धाव घ्यावीशी वाटते.

ज्यांना हे रोप लावायचंय त्यांना पहिली गोष्ट सांगते. नर्सरीत जाऊन नुसतं ‘लव्हेंडर द्या’ म्हणू नका, पान बघून घ्या. पान अरुंद, सरळ कडांचं आणि करडट असेल तर ते अंगुस्टिफोलिया, म्हणजे ज्याचं उंची तेल काढतात ते. त्याला मनापासून फुलायला खरी कडाक्याची थंडी लागते आणि दमट उकाडा त्याला सोसत नाही. पानाच्या दोन्ही कडांना बारीक बारीक दाते असतील तर ते डेन्टाटा. आपल्या हवेसाठी हेच घ्या! त्याला फुलायला बर्फाची वाट बघावी लागत नाही, उन्हाळाही ते बऱ्यापैकी काढतं. फुलोऱ्याच्या टोकाला फिकट जांभळ्या इवल्या पानांचा तुरा असतो, तो इतका देखणा की मी घरातल्या सगळ्यांना एकेक करून बाल्कनीत ओढून आणलं. वास मात्र जरा कापराकडे झुकणारा आणि तिखट. मला तो फार आवडतो.

मग मातीचं कळलं आणि मी थक्क झाले. फुलझाड म्हटलं की शेणखत, गांडूळखत, भुसभुशीत काळी माती, हे आपलं ठरलेलं. या बाईंना त्यातलं काही नको! फ्रान्समध्ये प्रोव्हान्सच्या ज्या पट्ट्यात, सो आणि व्हालाँसोलच्या आसपास, लव्हेंडरची ती प्रसिद्ध शेतं आहेत, तिथली जमीन चुनखडीची, दगडगोट्यांची आणि ठणठणीत निचऱ्याची. खत जास्त झालं तर पानं माजतात आणि फुलं रुसतात. म्हणून माझ्या कुंडीत निम्मी माती आणि निम्मा चाळलेला मुरूम, जाडी वाळू आणि विटांचा चुरा आहे. मुरूम! बांधकामावर ढिगाने पडलेला, ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही तो मुरूम लव्हेंडरला अमृतासारखा. कुंडी मातीचीच हवी, म्हणजे तिच्या अंगातूनही ओल सुटत राहते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं आणि द्यायचं तेव्हा तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. ऊन किमान सहा तास हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारची तेवढी सावली करावी.

पावसाळा हा मात्र खरा कसोटीचा काळ. मुळं भिजत राहिली की कुजलीच म्हणून समजा आणि वरून पानं दाट असतील तर आतली हवा कोंडून बुरशी धरते. त्यामुळे जूनच्या आधी झाड मोकळं करून घ्यायचं: बहर संपलेले दांडे आणि वरचा हिरवा शेंडा छाटायचा, पण खालच्या करड्या लाकडापर्यंत कात्री न्यायची नाही, तिथून नवा फुटवा सहसा येत नाही. मग कुंडी सरळ पत्र्याखाली, जिथे वारा खेळतो पण पागोळी पडत नाही.

आता मला ज्या गोष्टीने वेड लावलं ती सांगते. सुगंध पाकळीत नसतो! निदान त्याचा मुख्य साठा तरी तिथे नसतो. फुलाला खालून धरून ठेवणारी जी नळकांडीसारखी हिरवी-जांभळी वाटी असते, निदलपुंज, त्यावर तो असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बघा. वाटीवर उभ्या शिरा दिसतात, त्यांच्यावर फाटे फुटलेल्या पांढऱ्या केसांचं दाट जंगल आणि त्या जंगलात लपून बसलेले चकचकीत, गोल, इवलेसे थेंब. त्या तेलाच्या ग्रंथी! काडीला हलकंसं बोट लागलं तरी त्यातल्या काही फुटतात आणि घमघमाट सुटतो. पाकळ्या गळून गेल्यावरही वाळक्या फुलोऱ्याला वास का राहतो, याचं उत्तर हेच.

आणि अंगुस्टिफोलियाच्या तेलात असतं काय? लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही त्यातली दोन मोठी द्रव्यं. पैकी लिनालूल तुमच्या मिसळणाच्या डब्याशेजारीच आहे: धन्याच्या तेलात सर्वांत जास्त तेच असतं! कोथिंबिरीत नव्हे, धन्यात. भाजायच्या आधी मूठभर धने खलबत्त्यात जरासे ठेचा, डोळे मिटा आणि हुंगा. तो गोडसर, फुलांसारखा, मागे रेंगाळणारा वास ओळखीचा वाटतोय ना? मी हा प्रयोग शेजारच्या काकूंना करायला लावला. त्या म्हणाल्या, “अगं, इतकी वर्षं मसाला कुटतेय, हे कधी लक्षातच नाही आलं!”

फुलं सुरू झाली की मधमाश्यांची रीघ लागते. सातेरी येतात, फुलोरी येतात आणि पोटावर निळे पट्टे असलेली ती एकटी फिरणारी माशीही येते, फुलासमोर हवेत क्षणभर थबकते आणि सुर्रकन पुढच्या फुलाकडे जाते. तिसऱ्या मजल्यावर!

वाळवण्यासाठी दांडे कापायचे ते फुलोऱ्यातली पहिली काही फुलं उमलल्यावर, सकाळी दव सुकल्यानंतर. जुडी बांधून सावलीत, अंधाऱ्या जागी उलटी टांगायची म्हणजे रंगही टिकतो. मी जुन्या सुती साडीच्या तुकड्यांच्या पुरचुंड्या शिवल्या आणि कपाटात पैठण्यांच्या घड्यांमध्ये ठेवल्या. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या कसर लागू नये म्हणून लोक हेच करत आले आहेत. डांबरगोळ्यांच्या त्या डोकं उठवणाऱ्या वासातून सुटका! वास मंदावला की पुरचुंडी बोटांनी चुरायची, पुन्हा दरवळते.

खायला मात्र डेन्टाटा नको, त्यात कापराचा अंश जास्त. स्वयंपाकासाठी वाळवलेल्या अंगुस्टिफोलियाच्या कळ्याच घ्याव्यात, आणि त्या आपल्या देशात पिकतात! जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहच्या खोऱ्यात. सीएसआयआरच्या जम्मूतल्या संस्थेने अरोमा मिशनमधून रोपं आणि तेल काढण्याची यंत्रं पुरवली, डोंगरउतारावर मका करणारे शेतकरी लव्हेंडरकडे वळले आणि या बदलाला ‘जांभळी क्रांती’ असं नावच पडलं. वाटीभर साखरेत चमचाभर कळ्या मिसळून बरणी आठवडाभर बंद ठेवायची, मग साखर चाळून साजूक तुपातल्या नानकटाईला वापरायची. वेलची अजिबात घालू नका, दोघांचं पटत नाही. कळ्या मोजूनच घ्याव्यात, जास्त झाल्या की कडवटपणा येतो.

आणि सगळ्यात मोठा धक्का तर अजून सांगितलाच नाही. लव्हेंडरच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्याच आहेत! लॅव्हेंड्युला बायपिनाटा आणि लॅव्हेंड्युला गिब्सोनाय. पहिलीची पानं पिसासारखी बारीक चिरलेली. दुसरीचं नाव अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून पडलं. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात जी सरकारी वनस्पती-बाग होती, तिचे ते प्रमुख होते आणि 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही तेच झाले. तेलासाठी शेतात लावतात त्या या जाती नव्हेत. त्या कड्याकपारीत, पातळ मातीत, पावसानंतर आपल्या आपण फुलतात. इतके ट्रेक केले, कितीदा शेजारून गेले असेन! यंदा पाऊस ओसरला की भिंग आणि वही घेऊन निघणार आहे. उपटायचं, आणायचं काही नाही; गुडघे टेकून जवळून बघायचं, बस्स. शेजारच्या काकूही येते म्हणाल्यात, त्यांनी तर नवे बूटसुद्धा घेतलेत.