निवलेले ताट

राग हा मोठ्यांचाच मक्ता आहे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. वर्गात मास्तर रागावले तर ती शिस्त. आणि पोर रागावले तर तो आगाऊपणा!

गेल्या श्रावणात आमच्या धाकट्याने रागाच्या भरात माझ्या कादंबरीची चार पाने टराटरा फाडली. मी त्याला उपाशीच झोपायला पाठवले. हिने ताट झाकून ठेवले. सकाळी ते तसेच होते.

पुढच्याच आठवड्यात भाचीने पुण्याहून मॉरिस सेंडक यांचे १९६३ सालचे चित्रपुस्तक धाडले : 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'. त्यातल्या मॅक्सलाही आई उपाशी खोलीत पाठवते. त्याची खोली अरण्य होत जाते, तसतशी चित्रेही पानभर पसरत जातात. राक्षसांच्या धिंगाण्याला तर शब्दच नाहीत. त्यांचा राजा झाल्यावर मॅक्सला घर आठवते. तो परततो, तो खोलीत जेवण मांडलेले, आणि तेही गरम! आई साऱ्या पुस्तकात एकदाही दिसत नाही. दिसते ते तिने ठेवलेले जेवण. उपदेशाचे तर नावच नाही.

मी खजील झालो. रागावणे दोघांनाही जमले होते. ताट गरम ठेवणे मला सुचले नव्हते.

रात्री धाकट्याला मांडीवर घेऊन चित्रे दाखवली. ती पाहता पाहता तो म्हणाला, ''बाबा, तुमचे राक्षस कुठे राहतात हो?''

मला उत्तर सुचेना.

''चल,'' मी म्हणालो, ''भात निवतोय.''