बकरीचे औषध

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी उतरली, की मांजरे गोळा होतात. आमच्या मोहल्ल्यात तर घर तिथे मांजर. मुद्दाम पाळणारे थोडे. पण दारात आलेल्या मांजराला कोणी हाकलतही नाही. हजरत अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच 'मांजरीच्या पिलाचे वडील' असा आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल.

मांजरामागून पिसवा येतात. पावसाळ्यातली कोकणची दमट हवा त्यांना फार मानवते. मांजर सारखे अंग खाजवते, आपल्या पायांवरही लाल फोड उठतात. मग घरातला माणूस हाताला लागेल ते औषध शोधू लागतो.

शेजारच्या खालांची चांदनी नावाची पांढरीशुभ्र मांजर अशीच पिसवांनी हैराण झाली होती. घरात बकरीच्या गोचिडांवरचे औषध होते. खालांच्या मुलाने तेच तिच्या पाठीला चोळले. बकरी मोठी, मांजर लहान, म्हणून थोडेच लावले. हिशेब वरवर चुकीचा वाटत नाही. पण संध्याकाळी चांदनीचे कान फडफडू लागले, तोंडातून लाळ गळू लागली. पाण्यात पाय पडल्यासारखी ती पंजे झटकत होती. रात्री सगळे अंग थरथरू लागले आणि तिला झटके आले. कोणी म्हणाले, नजर लागली. खाला तिच्याजवळून हलेनात.

मी पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, "भांडी घासायचा सौम्य साबण आणि कोमट पाणी घ्या, अंग धुवा. पाणी गरम नको, अगदी थंडही नको. टॉवेलात गुंडाळून आणा. तोंडात दूध-तूप काही घालू नका." आम्ही तसेच केले. दवाखान्यात झटके थांबवणारी सुई दिली, सलाईन लावले. या विषावर उतारा नाही. ते शरीरातून निघून जाईपर्यंत जनावराला जगवायचे, एवढेच हाती असते. दोन रात्री अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी चांदनीने स्वतः पाणी प्यायले, तेव्हा खालांना रडू आवरेना.

असे का झाले? शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात किडे मारणारा पदार्थ असतो. त्याच्या नमुन्यावर माणसाने परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन अशी औषधे बनवली. ती किड्यांच्या मज्जातंतूंना गप्प बसू देत नाहीत. बकरी, कुत्रा किंवा माणूस यांच्या अंगात असे पदार्थ थोडे गेले, तर यकृत त्यांना बांधून बाहेर टाकते. मांजरीच्या यकृतात ही सोय फारच तोकडी आहे. त्यामुळे विष अंगातच रेंगाळते. आपल्या तापावरची पॅरासिटमॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते, तेही याच कारणाने. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते. पाठीवर लावलेले पोटात जाते.

बाटलीवर बहुधा सूचना असते. पण ती बारीक इंग्रजी अक्षरांत. गोठ्यातल्या अंधारात ती कोण वाचणार? मला तर ती वाचायला भिंग लागले. मांजरीसाठी वेगळी औषधे मिळतात. त्यांवर मांजराचे नाव, वय आणि वजन स्पष्ट दिलेले असते. पिलांच्या बाबतीत आधी पशुवैद्यांना विचारलेले बरे.

पिसवा मारण्याचे निम्मे काम तर मांजरीच्या अंगावर नसतेच. त्यांची अंडी गोधडीत आणि फरशीच्या फटींत पडतात. म्हणून खालांनी गोधड्या उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकल्या, कोपरे झाडून काढले. आता त्या रोज दुपारी बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा घेऊन ओटीवर बसतात. फणीत आलेली पिसू पाण्यात बुडवली, की तिला उडी मारता येत नाही. चांदनी मात्र फणी दिसली, की सरळ कौलांवर चढते.