सरकती पडदी

व्यवस्थितपणाविषयी मराठीच्या अध्यापकांनी फारसे बोलू नये, हे आम्हांला मान्य आहे. आमच्या घरी पुस्तके कपाटात कमी आणि खुर्च्यांवर जास्त असतात. तरीही गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी अण्णांच्या कारखान्यातले सहा खण लावायला घेतले आणि ते दोनदा लावले. पहिल्या वेळी आमचे काय चुकले, ते सांगण्यासाठी हे टिपण.

अण्णा म्हणजे आमच्यांतल्या एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत त्यांनी सारी नोकरी पॅटर्न करण्यात घालवली. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी लागणारा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, नमुना काढून घेतला की उरलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. बीड निवताना आकसते, साधारण शंभरात एक या प्रमाणात. म्हणून तीनशे मिलिमीटरचा भाग हवा असेल तर नमुना तीनशे तीनचा धरावा लागतो, आणि पुढे यंत्रावर तासायची जागा सोडायची ती वेगळीच. हा हिशेब दर वेळी करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची एक खास पोलादी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. अण्णा तिला 'खोटी पट्टी' म्हणतात. पुढे या पट्टीचे काम पडणार आहे, म्हणून आताच ओळख करून दिली.

निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून अण्णांनी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत एकेक यंत्र जमवले : ड्रिल मशीन, जिगसॉ, विजेवरचा रंधा, चार इंची ग्राइंडर, सँडर, गोल पात्याची करवत आणि अगदी अलीकडे बॅटरीवरचे छोटे ड्रिल. या खोलीलाच ते कारखाना म्हणतात. नातवंडांच्या गाड्या, शेजाऱ्यांचे देव्हारे, आमची पुस्तकांची (रिकामी) कपाटे, सारे तिथलेच.

चार वर्षांपूर्वी काचबिंदूचे निदान झाले. या आजारात गेलेली नजर परत येत नाही; थेंब घालून उरलेली राखायची, एवढेच हाती असते. बहुधा नजर कडेकडून जाते. अण्णांना समोरचे अक्षर अजून दिसते, पण ते अक्षर कुठे आहे हे शोधावे लागते. "नळीतनं बघितल्यावानी," असे ते सांगतात. वाचणे आणि शोधणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे इतकी वर्षे ग्रंथालयात घालवूनही आम्हांला त्या वाक्यानेच कळले.

कारखान्यात यंत्रे ओट्यावर आणि जमिनीवर पसरलेली असत. अण्णा वायरीत पाय अडकून एकदा पडता पडता वाचले, तेव्हा आम्ही ठरवले की हे सगळे खणांत गेले पाहिजे. लोखंडी चौकटीत सहा रुंद खण बसवून घेतले. खणांचे चॅनेल प्रत्येकी पंचेचाळीस किलोचे वजन पेलणारे. आणि आत कप्पे पाडण्यासाठी हव्या तिथे सरकवता येतील अशा पडद्या मागवल्या. टोकाला स्प्रिंग असते, दाबून बसवायच्या.

आता व्यवस्था लावायची तर तत्त्व हवे. आम्ही अध्यापक, तत्त्वाशिवाय आमच्याने चमचेही लावले जात नाहीत. आम्हांला रंगनाथन आठवले. त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती 1933 सालची. विषयाचे पैलू पाडताना त्यांनी क्रियेला, 'ऊर्जे'ला, स्वतंत्र स्थान दिले होते. ते उचलून आम्ही खण ठरवले : भोक पाडणारी यंत्रे, कापणारी यंत्रे, घासणारी यंत्रे. उरलेल्या खणांत सजातीय ते एकत्र : सर्व वायरी एका कप्प्यात, सर्व चाव्या दुसऱ्यात, पाती तिसऱ्यात, बॅटऱ्या, चार्जर आणि स्क्रू चौथ्यात. प्रत्येक कप्प्यावर मोठ्या ठळक टायपातली चिठ्ठी. दोन दिवस खपून हे झाले तेव्हा खण उघडून त्याकडे पाहत राहावेसे वाटत होते. छायाचित्रही काढले.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी जिगसॉसाठी खण ओढला. ओढण्याच्या हिसक्यासरशी दोन किलोचे यंत्र पुढे सरकले आणि त्याने आमची स्प्रिंगची पडदी आडवी केली. तसल्या पडद्या स्वयंपाकघरातल्या डावांसाठी असतात, हे आम्ही पाहिलेच नव्हते. जिगसॉचे पाते आम्ही काढले नव्हते. अण्णांची नजर 'कापणारी' हे अक्षर शोधत होती, आणि हात त्याआधीच आत गेला होता. तर्जनीला पात्याचे दात लागले. जखम फार नव्हती. त्यांनी नळाखाली बोट धरले, चिंधी बांधली आणि खण ढकलून बंद केला. बोलले काहीच नाहीत. नंतर आठ दिवस ते कारखान्याकडे फिरकले नाहीत.

त्या आठ दिवसांत घरात जी शांतता होती तिच्याविषयी लिहिणे अवघड आहे. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसत आणि कुलपाकडे पाहतही नसत. काचबिंदूने चार वर्षांत जे केले नव्हते, ते आमच्या नीटनेटकेपणाने तीन दिवसांत केले होते. पसाऱ्यात त्यांना प्रत्येक वस्तू सापडत होती. आम्ही व्यवस्था लावली आणि त्यांना त्यांच्याच खोलीत परके केले.

नवव्या दिवशी आम्हीच विषय काढला. अण्णा म्हणाले, "जातवारी लावलंयसा व्हय सगळं?"

हा शब्द त्यांनी सहज वापरला. 'जात' म्हणजे प्रकार, एवढाच त्यांचा अर्थ. पण आम्ही दचकलो. अण्णांचे वडील गावचे सुतार. बलुत्यावर नांगर-पाभर दुरुस्त करणारे, सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा आणणारे. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' (1915) आम्ही वर्गात शिकवतो. बलुतेदारांच्या तीन ओळी फळ्यावर लिहून देतो. त्यात सुतार थोरल्या ओळीतला, हेही सांगतो. अमरकोशात सुताराची हत्यारे दुसऱ्या कांडातल्या शूद्रवर्गात येतात. ज्या 'करपत्रा'पासून आपली 'करवत' आली तो शब्दही तिथलाच. कोशकाराने शब्दांचे खण पाडले तेव्हा पडद्या समाजाच्याच उतरंडीवरून घेतल्या : हत्यार कशासाठी आहे यापेक्षा ते कुणाच्या हातात आहे, यावर त्याची जागा ठरली. हे विवेचन आम्ही विद्यार्थ्यांपुढे पुष्कळ वेळा केले आहे. त्यावर टाळ्याही मिळाल्या आहेत. आणि घरी, ज्या एका माणसाच्या हातासाठी खण लावायचे होते, त्या हाताला काहीही न विचारता आम्ही वस्तूंच्या जाती लावून मोकळे झालो होतो.

रंगनाथनांवर ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे त्यांनी 1931 साली मांडली. त्यांतले चौथे वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. आम्ही त्यांच्याकडून पैलू घेतले, वाचक घेतला नाही. या खणांचा वाचक एकच होता आणि तो अक्षरांनी वाचणारा नव्हता.

"मग कसं लावायचं?" आम्ही विचारले.

"कामावारी," अण्णा म्हणाले, आणि उठून त्यांनी कुलूप काढले.

आत जाऊन त्यांनी भिंतीवरून दोन पोलादी पट्ट्या काढल्या आणि आमच्या हातांत एकेक दिली. "डोळं मिटा. खोटी कंची?" आम्हांला सांगता येईना. त्यांनी आमच्यांतल्या एकीचा अंगठा धरून पट्टीच्या कोपऱ्यावर नेला. तिथे कानशीने पाडलेली एक बारीक खाच होती. खऱ्या-खोट्या पट्टीची अदलाबदल झाली तर पॅटर्न वाया जातो, म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती पाडली होती. तेव्हा त्यांचे डोळे उत्तम होते. "काम करताना डोळं कामावर असत्यात," ते म्हणाले, "हत्याराकडं बघाय सवड कुणाला?"

दुसरी मांडणी त्या खाचेवरून झाली. आम्ही मजूर, अण्णा मिस्त्री.

स्प्रिंगच्या पडद्या स्वयंपाकघरात गेल्या. खणाच्या दोन्ही बाजूंना आतून लाकडी पट्ट्या बसवल्या आणि त्यांत दर पंचवीस मिलिमीटरवर उभ्या खाचा पाडल्या. पडद्या सहा मिलिमीटर प्लायच्या, वरून खाचेत सरकवायच्या. इथेही एक धडा मिळाला. बाजारात ज्याला सहाचा प्लाय म्हणतात तो मोजल्यावर बहुधा थोडा कमीच भरतो. आम्ही नावावर विसंबून सहाची खाच पाडली आणि पडदी खडखडू लागली. "छापलेलं वाचून खाच पाडत्यात व्हय? तुकडा घालून बघायचा," अण्णा म्हणाले. संहितेशी ताडून पाहिल्याशिवाय अवतरण देऊ नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो. त्याचाच हा सुतारी पाठ.

मग एकेक खण म्हणजे एकेक काम. भोकाच्या खणात ड्रिल, त्याची चावी, बिटे, खूण करायचा पंच, गुण्या आणि पेन्सिलसुद्धा. पेन्सिल 'लेखनसाहित्यात' जावी असे आम्हांला वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. कापायच्या खणात जिगसॉ. पाती वेगळ्या लाकडी ठोकळ्यात, दात खाली करून उभी. जड यंत्रे सर्वांत खालच्या खणांत, म्हणजे वरचा खण पूर्ण ओढला तरी चौकट पुढे कलत नाही. प्रत्येक यंत्राची मूठ ओढणाऱ्या हाताकडे, धारेचे तोंड मागे. एका कप्प्यात एकच यंत्र आणि भोवती चार बोटे शिरतील एवढी मोकळी जागा. पडद्या सरकत्या असण्याचा खरा उपयोग इथे झाला, कारण ही जागा टेपने न मोजता अण्णांनी हात घालून ठरवली. हात अडखळला की पडदी एक खाच पुढे.

नियमही ठरले. पाते किंवा बिट काढल्याशिवाय यंत्र खणात जायचे नाही. बॅटरी यंत्रातून काढून वेगळी ठेवायची आणि स्क्रू-खिळ्यांच्या शेजारी तर मुळीच नाही, कारण धातूचा तुकडा तिच्या दोन्ही टोकांना टेकला तर ती पेटू शकते. आमच्या पहिल्या मांडणीत बॅटऱ्या आणि स्क्रू शेजारीच होते. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवायची. वायर यंत्राभोवती करकचून गुंडाळायची नाही, नाहीतर ती मानेपाशी तुटते. सैल वेटोळे करायचे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लोखंडाला दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून प्रत्येक खणात तेलाचा हात दिलेले फडके.

चिठ्ठ्या गेल्या. खणांच्या वरच्या कडेवर अण्णांनी स्वतः कानशीने खाचा पाडल्या : पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे सहापर्यंत. ते करताना ते खणाकडे पाहत नव्हते, अंगणाकडे पाहत होते.

शेवटी ग्राइंडर आणि गोल करवत उरली. ही दोन्ही यंत्रे कडेची नजर नसलेल्या माणसाने वापरू नयेत, हे आम्हांला ठाऊक होते आणि बोलायचे धाडस होत नव्हते. कितीतरी दिवस आम्ही आडून आडून वाक्ये जुळवत होतो. अण्णांनी ती दोन्ही ओट्यावर ठेवली, एकदा पुसली आणि म्हणाले, "ही त्या वेल्डिंगवाल्या पोराला द्या. मला आता ठिणगी कुठं उडाली दिसत न्हाई." गल्लीतला तो मुलगा शाळेत असताना त्यांच्या हाताखाली काम शिकला होता. त्याच संध्याकाळी येऊन तो यंत्रे घेऊन गेला.

सर्वांत खालच्या खणात दोन कप्पे रिकामे राहिले. आम्ही साहित्याची माणसे; रिकाम्या जागेचे आम्हांला फार महत्त्व. ते कप्पे तसेच ठेवावेत, असे आम्ही सुचवले. अण्णांना कारण समजेना.

"मोकळं कशाला? पडदी सरकवा. डिंकाचं डबं ऱ्हातील. सरकती केलीया ती कशासाठनं?"

आम्ही पडदी उचलली आणि चार खाचा पलीकडे बसवली. डबे राहिले.

अण्णा आता सकाळी दोन तास कारखान्यात असतात. मापे आम्ही वाचून सांगायची, खूण त्यांनी करायची, अशी वाटणी आहे. परवा धाकट्या नातीसाठी पाट करताना त्यांनी पट्टी मागितली. आम्ही भिंतीवरची एक काढली आणि पुढे करण्याआधी, डोळे उघडे असूनही, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. खाच लागली. आम्ही ती परत ठेवली आणि दुसरी दिली.