रक्तवाहिनीतला लेखापरीक्षक

बँकेच्या दीर्घ सेवेत एक गोष्ट मनावर ठसली. वार्षिक तपासणीच्या दिवशी हिशेब चोख निघाला, म्हणून वर्षभर तो चोखच होता असे मानता येत नाही. याच जाणिवेतून मोठ्या शाखांत ‘कन्करंट ऑडिट’ आले आणि व्यवहार ताजे असतानाच तपासले जाऊ लागले.

निवृत्तीनंतर माझ्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवण्यात आला. धातूची ही बारीक जाळी अरुंद झालेली वाहिनी उघडी ठेवते. परंतु जाळीच्या आत पेशींची वाढ होऊन वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. ते कळण्यासाठी लक्षणांची वाट पाहावी लागते किंवा पुन्हा अँजिओग्राफीसारखी तपासणी करावी लागते. मधल्या काळात जाळी मुकीच. रात्री छातीत कळ आली की सौ. विचारते, “पित्त असेल ना हो?” खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नसते.

या मुक्या जाळीला वाचा देण्याचा प्रयत्न अटलांटाच्या जॉर्जिया टेक या संस्थेत वून-हाँग येओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची शाई फवारून त्यांनी लवचीक संवेदक छापले. संवेदकाच्या दोन वाहक थरांमध्ये मऊ थर असतो. रक्ताच्या दाबाने तो दबला की विद्युतधारिता बदलते. स्टेंटची जाळीच अँटेनाचे काम करते आणि शरीराबाहेरील यंत्र तो बदल बिनतारी टिपते. आत बॅटरी नाही, तार नाही. नळीतून नेताना घडी व्हावी आणि फुग्याने फुलवताना ताण सोसावा, म्हणून हा लवचीकपणा.

हा प्रयोग सशांच्या धमन्यांत झाला. आपल्या आरोग्याचा हिशेब मांडताना त्या मुक्या जिवांचे ऋणही नावे लिहिले पाहिजे.

अशी कल्पना माणसांत अगदीच नवी नाही. फुप्फुसधमनीतील दाब सांगणाऱ्या बिनबॅटरीच्या ‘कार्डिओमेम्स’ संवेदकाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या ५५० रुग्णांच्या चाचणीत त्याच्या नोंदींनुसार औषधे बदलल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले. म्हणजे केवळ आकडा उपयोगाचा नाही. तो वाचून वेळीच निर्णय घेणारा डॉक्टरही हवा.

प्रश्न खर्चाचाही आहे. आपल्या सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा अनेक कुटुंबांना दिलासा मिळाला. बोलका स्टेंट उद्या आलाच, तर तो मोजक्यांचाच राहू नये. शिवाय त्याच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, विमा कंपनी त्या मागू शकेल का, हेही आधीच ठरावे. खातेदाराच्या संमतीविना त्याचा खातेउतारा आम्ही परक्याला देत नसू. रक्ताच्या उताऱ्याला निदान तेवढा तरी मान मिळावा.