पिंपरीची माती, चाकणची बाटली

पिंपरीला मोटार थांबली की मी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आवाराकडे पाहून घेतो. १९५४ साली स्थापन झालेला हा कारखाना. येथे मोठमोठ्या टाक्यांत बुरशी पाळली, तिला खाऊपिऊ घातले आणि तिच्याकडून पेनिसिलिन मिळवले. पुढे १९६१ साली डॉ. थिरुमलाचार यांनी हॅमायसिन शोधले, ते पिंपरीच्याच मातीतल्या एका जंतूपासून. शास्त्रज्ञांनी त्याचे नावच 'पिंप्रिना' ठेवले! एखाद्या गावाचे याहून मोठे भाग्य ते कोणते?

त्या दिवशी मात्र मी पुढे चाकणला निघालो होतो, भाच्याकडे. तो मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. तिघे मिळून एका खोलीत राहतात. खोलीत शिरताच आंबूस वास आला आणि मोरीत काचा दिसल्या.

"मामा, रागावू नका," तो म्हणाला.

प्रकार असा. पठ्ठ्याने घरीच लागर बिअर करायला घेतली होती. बार्ली मिळेना, म्हणून नाचणीला मोड आणून, वाळवून दळली. मोडांमुळे पिठाचा साखर होण्याचा गुण खुलतो, हे त्याला ठाऊक होते. यीस्ट मात्र पावाचे! लागरचे यीस्ट निराळे. त्याला दहाबारा अंशांचा गारवा लागतो आणि मग कित्येक आठवडे थंडीत मुरवावे लागते. 'लागर' हा मूळ जर्मन शब्दच साठवणीचा. आणि ही चाकणची खोली, वर पत्रा, ऑक्टोबरचे ऊन! आंबणे पुरे होण्याआधीच त्याने बुचे ठोकली. मध्यरात्री एक बाटली फुटली आणि मालक उठून आले.

मालकांनी पोलिसांचे नाव काढले होते. ते खोटे नव्हते. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हाच, मग ते घरी केलेले का असेना. नोकरी जेमतेम आठ महिन्यांची. मी रागावलो, चांगलाच रागावलो.

"आजी नाचणी आंबवते, तेव्हा तिला कोणी बोलत नाही," तो पुटपुटला.

यावर प्राध्यापकाजवळही उत्तर नव्हते. बाकीच्या बाटल्या आम्ही हलक्या हाताने उघडून मोरीत रिकाम्या केल्या. ओतण्यापूर्वी घोटभर चाखून पाहिली, हे कबूल करतो. शिळ्या ताकासारखी लागली.

डब्यात मोडाचे पीठ उरले होते. रात्री ते पाण्यात कालवून ठेवले. सकाळी शिजवले, ताक-मीठ-जिरे घातले आणि एक वाटी मालकांकडे धाडली. वाटी धुऊन परत आली, आत चार अनारसे होते.