भूकंपाची वही

आमच्या पवनारच्या घरात एक दोनशे पानी वही आहे. फजरची नमाज झाली की आम्ही दोघे नवरा-बायको चहा घेता घेता तिच्यात एक ओळ लिहितो. तारीख, काल जगभरात पाच रिश्टरच्या वरचे किती भूकंप झाले, त्यांत सहाच्या वरचे किती, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: 'नेहमीप्रमाणे', 'जास्त' किंवा 'कमी'. आकडे मोबाइलवर मिळतात. जगाची यादी अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था ठेवते आणि आपल्या देशाची दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र.

ही वही सुरू झाली २१ मार्च २०२४ रोजी. रमजानचे दिवस होते. सहेरी, नमाज आटोपून आम्ही जरा आडवे झालो तोच वसमतहून मुलीचा फोन आला. "अम्मी, घर हललं. मांडणीवरची भांडी खाली आली. छतातून माती पडतेय. आम्ही सगळे अंगणात उभे आहोत." सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला होता. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा बसला, तेव्हा फोन चालूच होता. नातीचे रडणे आम्हाला ऐकू येत होते. इकडे पवनारला मात्र काहीच नव्हते. धाम नदी आपली संथ वाहत होती आणि नागपूर-वर्धा रस्त्यावरचे ट्रक रोजच्यासारखे जात होते.

दादी, म्हणजे आमच्या अम्मी, जानमाजवरच बसून होत्या. त्यांनी एकच विचारले, "छत कसलं आहे तिच्या घराचं?" तो प्रश्न तेव्हा आमच्या कानावरून गेला.

दादींच्या धाकट्या बहिणीला सास्तूरला दिले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते. गावे उशिरा झोपली होती आणि गाढ झोपेत होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमची खाला आणि तिची दोन नातवंडे त्यांतच गेली. नंतर भेटायला आलेल्या एका बाईंनी म्हटले होते, "गुनाहांची सजा आहे." दादी त्यांना म्हणाल्या, "प्रेषितांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं होतं. लोक ते मृत्यूशी जोडू लागले, तेव्हा खुद्द प्रेषितांनीच त्यांना तसं जोडू नका म्हणून सांगितलं. माझ्या बहिणीच्या घरातली लेकरं तीन आणि पाच वर्षांची होती." त्यानंतर तो विषय त्यांनी घरात कधी काढला नाही.

वहीमागचा आमचा हिशेब साधा होता. रोजचे नेहमीचे प्रमाण किती, हे ठाऊक असले की ते वाढले की कळेल, आणि कळले की मुलीला सावध करता येईल. महिन्या-दोन महिन्यांत नेहमीचे प्रमाण हाती आले. पाचच्या वरचे भूकंप जगात दिवसाला साधारण चार-पाच होतात. सहाच्या वरचा दोन-तीन दिवसांत एखादा. सातच्या वरचे वर्षाला पंधरा-सोळा, आणि आठच्या वरचा सरासरी वर्षाला एक. त्यातले बहुतेक समुद्राखाली किंवा निर्जन भागात होतात, म्हणून आपल्या कानावर येत नाहीत.

या वहीचा एक फायदा जरूर झाला. 'जगात भूकंप एकदम वाढले आहेत' असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांनी आम्ही घाबरेनासे झालो. सातच्या वरचे भूकंप १९८९ मध्ये जगात अवघे सहा झाले आणि २०१० मध्ये तेवीस. असा चढ-उतार पूर्वीपासून आहे. लहान भूकंपांची यादी मात्र खरोखरच लांबली आहे, कारण ते टिपणारी यंत्रे आता ठिकठिकाणी बसली आहेत. कान वाढले, म्हणून आवाज जास्त ऐकू येतो.

पण याच वहीने आमच्या हातून एक चूकही करवली.

३० जुलै २०२५ च्या पहाटे रशियाच्या कामचाटका किनाऱ्यावर ८.८ रिश्टरचा भूकंप झाला. २०११ च्या जपाननंतरचा हा जगातला सर्वांत मोठा. दुसऱ्या दिवशी आकडे मांडायला बसलो तर रोजच्या चार-पाच ओळींऐवजी यादी संपेचना. शेवटच्या रकान्यात 'जास्त' लिहिताना हात थरथरत होता. आम्ही लगेच वसमतला फोन लावला. "आज रात्री कोणी घरात झोपू नका."

मुलीने ऐकले. आई-बापाचा शब्द तिने कधी मोडलेला नाही. भर पावसाळा. अंगणात ताडपत्री बांधून दोन रात्री ती सगळी ओल्या जमिनीवर झोपली. भूकंप काही आला नाही, पण अडीच वर्षांच्या नातीच्या छातीत कफ भरला. चार दिवस तिला दवाखान्यात ठेवावे लागले. आम्ही गेलो तेव्हा तिच्या इवल्याशा हाताला सलाईन लावलेले होते. जावईबापू एका शब्दानेही काही बोलले नाहीत. त्यामुळे तर आम्हाला मान वर करवेना.

परतल्यावर आमच्या ओळखीच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांना आम्ही वही दाखवली. सरांनी त्या दिवसाची यादी वाचली आणि गावांच्या नावांवर बोट ठेवले. जवळजवळ सगळे धक्के एकाच किनाऱ्याचे होते. मोठ्या भूकंपानंतर तिथली जमीन पुन्हा बसताना असे पश्चात धक्के आठवडेच्या आठवडे येत राहतात. जगाचा आकडा फुगतो. पण हजारो किलोमीटर दूरच्या वसमतच्या जमिनीला त्याने काही फरक पडत नाही. भूकंप कुठे, कोणत्या दिवशी होणार हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही, आमच्या वहीला कुठून सांगता येणार?

मग सरांनी विचारले, "किल्लारीचा दिवस तुमच्या वहीत काय म्हणून लिहिला असता?"

आम्ही गप्प झालो. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. तेवढा जगात दोन-तीन दिवसांत एखादा होतोच. आम्ही 'नेहमीप्रमाणे' लिहिले असते! त्या काळच्या नकाशातही तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कामचाटकाच्या मानाने किल्लारीची शक्ती हजारो पटींनी कमी, तरी तिथे माणसे गेली ती घराखाली. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतून बाहेरून दोन वेगळे थर, मध्ये कपच्या भरलेल्या आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे तुळयांवर दीड-दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहते, गळू लागले की वर आणखी माती टाकायची. पिढ्यान्‌पिढ्या ते वजन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर वाढत गेले.

संध्याकाळी हे सगळे दादींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी छतच विचारलं होतं. तुम्ही सगळं जग मोजलं, पोरीच्या घराची भिंत कोणी पाहिली?"

मुलीच्या घराचा मागचा भाग माळवदाचाच आहे. तीन खण, आणि त्यातल्या मधल्या खणात नात झोपते. पाऊस थांबल्यावर आम्ही इंजिनिअर घेऊन वसमतला गेलो. त्यांनी सांगितलेली कामे अवघड नव्हती: छतावरची माती उतरवून हलके पत्रे टाकणे, भिंतींत जागोजागी आरपार दगड बसवणे, तुळया आणि खांबांच्या सांध्यांना तिरके आधार देणे. पैशाचा प्रश्न होता. दादींनी उमऱ्यासाठी साठवलेली रक्कम पुढे केली. आम्ही नको म्हणालो, तर म्हणाल्या, "अल्लाहने बुलावा दिला तर पैसे पुन्हा जमतील. खालाच्या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं. आता आहे."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणाचे घर, माहेर किंवा सासर माळवदाचे असेल तर एकदा वर चढून मातीचा थर मोजा. भिंत फुगली आहे का, कोपऱ्यात उभी चीर आहे का, पाहा. झोपण्याच्या जागी डोक्याशी जड मांडणी किंवा कपाट असेल तर आजच हलवा. त्याला पैसेही लागत नाहीत.

वही आम्ही बंद केलेली नाही. रोजची ओळ आजही लिहितो, सवयच झाली आहे. पण आता शेवटच्या पानावर मुलीच्या घराचे तीन खण मांडले आहेत. एका खणाची माती उतरली आहे, भिंत बांधून झाली आहे आणि नातीचे अंथरूण तिथे हलवले आहे. उरलेल्या दोन खणांसाठी गवंडी पुढच्या महिन्यात येणार आहे.