‘किंवा तत्सम’ मोटारीतून झायनकडे

सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा नमुन्यावर होतो. हळकुंड मोडून, आतला रंग पाहून भाव ठरतो. पुढे पोत्यातला माल नमुन्याहून हलका निघाला तर तक्रार येते. सरस निघाला तर कोणी तक्रार घेऊन येत नाही, फार तर अडत्याकडे पाहून हसतो. तीस वर्षे हाच व्यवहार केलेल्या मला अमेरिकेतील भाड्याच्या मोटारीच्या कागदावर ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द दिसले, तेव्हा परक्या देशात ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. तिथे अमुक एक मोटार कोणी राखून ठेवीत नाही. राखला जातो तो वर्ग. चित्रातली मोटार हा केवळ नमुना.

गेल्या मे महिन्यात आम्ही लास व्हेगासला उतरलो. त्या शहराशी आम्हांला कर्तव्य नव्हते. तिथून सुमारे 160 मैलांवर युटा राज्यात झायनचे राष्ट्रीय उद्यान आहे, ते आईला दाखवावयाचे होते. आईचे वय 76, दोन्ही गुडघे अधू, तरी नातवाने पाठविलेली त्या तांबड्या कड्यांची छायाचित्रे पाहून तीच म्हणाली होती, “एकदा डोळ्यांनी बघते.” चिकागोस नोकरी करणारा मुलगा विमानतळावर येऊन मिळाला. मोटार चालविणार तोच. त्याची पंचविशी उलटलेली हे बरे. त्याहून लहान चालकास बहुतेक कंपन्या रोजचा जादा आकार लावतात.

मोटार मात्र लहान वर्गातली ठरविली होती आणि तो हिशेब माझा. चार माणसे, चार दिवस, लहान गाडी पुरे. चार माणसांबरोबर चार बॅगा आणि दशम्या-चटणीचा डबा येतो, हे पेढीवर बसून सुचले नव्हते.

तेथील विमानतळावरून बसने थोडे अंतर गेले की सगळ्या मोटार कंपन्यांची एकच मोठी इमारत लागते. आमच्या खिडकीवर एक हसतमुख तरुणी होती. कागद पाहून ती म्हणाली, रोज वीस डॉलर अधिक द्या, प्रशस्त गाडी देते. मुलाचा हात खिशाकडे गेला. मी त्याला मराठीत म्हणालो, “थांब जरा.” शुक्रवारची दुपार, मागे लांब रांग आणि काचेपलीकडे लहान मोटारींच्या ओळीत एकही मोटार नाही. दुकानदाराच्या नजरेला रिकामी फळी लगेच दिसते.

या धंद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पुष्कळ गिऱ्हाइके आगाऊ पैसे न भरता मोटार राखतात आणि त्यांतली काही येतच नाहीत. म्हणून कंपन्या हाती असलेल्या मोटारींहून अधिक मागण्या घेऊन ठेवतात. स्वस्त वर्गाला मागणी मोठी, आणि बाहेर गेलेल्या मोटारीही वेळेवर परततातच असे नाही. राखलेला वर्ग संपला की त्याच दरात वरचा वर्ग देणे हा त्यांचा सर्वसाधारण रिवाज. मात्र आधी तो विकत घेतला जातो का, हे पाहिले जाते. याला मी लबाडी म्हणणार नाही. हलका माल संपला की आपणही आधी भारीच पुढे करतो.

मी मुलाला एवढेच विचारायला सांगितले, “आम्ही राखलेल्या वर्गातली गाडी तयार आहे का?” तिने पडद्याकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि मोकळेपणाने हसली. नव्हती. तासभर थांबता, की त्याच भाड्यात मोठी नेता?

सहीपूर्वी कागद वाचला. मोटारीचा वर्ग तिथे चार इंग्रजी अक्षरांत लिहितात: पहिले अक्षर आकारमानाचे, दुसरे बांधणीचे, तिसरे गिअरचे, चौथे इंधन व वातानुकूलनाचे. आकारणी जुन्याच वर्गाने आहे ना, एवढे पाहावे. आणि न मागितलेला विमा कुठल्या ओळीत शिरला आहे का, तेही.

वाहनतळावर जी उभी होती ती सात आसनांची, काळीभोर, माझ्या खांद्याइतक्या उंच बोनेटची. मुलगा हरखला. खरे सांगायचे तर मीही. तीन दिवसांचे साठ डॉलर वाचले, अशी मनात बेरीज चालली होती (चौथा दिवस धरायचा राहिला, इतका मी खूश होतो). आईने दाराजवळ जाऊन पायरीवर पाय टेकविला, तो वर उचलेना. मी हात दिला, सौ. ने कमरेला आधार दिला, पुन्हा प्रयत्न झाला. मग ती मागे सरली आणि पदर सारखा करून म्हणाली, “तुम्ही जाऊन या रे. मी हॉटेलात बसते. मला काय, फोटोत दिसेलच की.”

ती रागावलेली नव्हती, हे अधिक लागले. ज्या माणसासाठी सात समुद्र ओलांडले, त्याला खाली उभे ठेवून मी गाडीभोवती फेऱ्या मारीत होतो.

मुलगाच धावत परत गेला. खिडकीवरच्या मुलीने हकीकत ऐकली आणि म्हणाली, मिनीव्हॅन आहे, पण ती कोणी मागत नाही. करड्या रंगाची, बसक्या बांधणीची ती गाडी. बाजूचे दार आपोआप सरकणारे, तळ फूटभर उंचीवर. आई त्यात घरातल्या पाटावर बसावे तशी बसली. बॅगा मागे सहज मावल्या.

वाटेत नेव्हाडा सोडल्यावर रस्ता काही मैल ॲरिझोनातून व्हर्जिन नदीच्या घळीत शिरतो. दोन्ही बाजूंना इतके उभे कडे की आई काचेला कपाळ टेकवून वर पाहत होती. युटात शिरताच घड्याळ एक तास पुढे गेले. सूर्य मात्र होता तिथेच. सेंट जॉर्ज गावी एका झाडाखाली गाडी लावून, दार उघडे ठेवून, आईने दिवसाउजेडी सावकाश दशमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कळले की झायनच्या मुख्य दरीत मोसमात खासगी मोटारींना मज्जावच आहे! वाहन दाराशी लावून उद्यानाच्या मोफत बसने जायचे. 2000 सालापासूनची ही व्यवस्था. सकाळीच जागा भरतात, तेव्हा त्या काळ्या गाडीला कोपरा शोधत आम्ही किती फिरलो असतो कोण जाणे. बसच्या शेवटच्या थांब्यापासून नदीकाठाने फरसबंद वाट जाते. तीवर आई हळूहळू पाव मैल चालली आणि एका दगडावर अर्धा तास बसून राहिली. परतताना 1930 साली खुल्या झालेल्या मैलभर लांबीच्या बोगद्यातून गेलो. खडकात कोरलेल्या खिडक्यांतून प्रकाशाची तिरीप गाडीत येई आणि जाई. आई प्रत्येक खिडकी मोजत होती.

चौथ्या दिवशी टाकी भरून गाडी परत केली. हातात यंत्र घेतलेल्या माणसाने रीतीप्रमाणे विचारले, गाडी कशी वाटली? मुलगा उत्तर देणार तोच आई मराठीत म्हणाली, “दार फार चांगलं होतं.”